पाटील नसलेले गाव

परगावी कोणाचे घर शोधायचे झाले म्हणजे आपण काय करतो? एस.टी.च्या स्टँडवर उतरतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि समोर जो बरासा इसम दिसेल त्याला विचारतो, “अहो, इकडे वकिलांचा वाडा कुठे आला?” तो म्हणतो, “सरळ जा, मारुतीपाशी उजवीकडे वळा.” मारुतीपाशी दुसऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, “छे, छे! डावीकडे.” मग आपण जरा घोटाळतो, पानाच्या ठेल्यावर तिसऱ्याला विचारतो आणि दोघांचे मत जिकडे पडेल तिकडे चालू लागतो. या साध्या व्यवहारामागे आपला एक मोठा विश्वास असतो. एखादा माणूस खोटे सांगेल, एखाद्याला ठाऊक नसेल. पण अख्खे गाव संगनमत करून आपल्याला चकवणार नाही, हा तो विश्वास.

पण समजा, वाचकहो, स्टँडवरचा इसम, मारुतीपाशी भेटलेला गृहस्थ आणि तो पानवाला हे तिघेही एकच असले तर? टोपी बदलून, मिशी चिकटवून प्रत्येक वळणावर तोच उभा असेल तर? मग तुम्ही तिघांना विचारा की तीनशे जणांना विचारा. मते कितीही मोजली तरी मत एकाचेच. आणि हे तुम्हाला कळायचे कसे?

ही कल्पना रहस्यकथेतली वाटेल. परंतु संगणकांच्या दुनियेत हा प्रश्न गेली वीसहून अधिक वर्षे अगदी खराखुरा होऊन बसला आहे आणि त्याच्यापायी भल्याभल्या विद्वानांनी डोकी शिणवली आहेत. संगणकाचे नाव काढताच काही वाचक पान उलटून पाककृतींकडे वळतील, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की हातातली चकली संपेपर्यंत तरी थांबावे. विषय यंत्रांचा असला तरी भानगड माणसांचीच आहे, आणि तिच्यातून निघणारा बोध घरात, बँकेत आणि टेलिफोनवर उपयोगी पडणारा आहे.

एरवी संगणकांच्या गावाला एक पाटील असतो. तुम्ही बँकेतली शिल्लक पाहता, रेल्वेचे तिकीट काढता, तेव्हा तुमच्या हातातले यंत्र थेट पाटलाच्या चावडीवर जाते. कोण कुठे राहतो, कोणाचे किती देणे, कोणाचे किती घेणे, हे सारे दप्तर चावडीत. सोय मोठी खरी. पण पाटील आजारी पडला, लबाड निघाला किंवा त्याला कोणी धरून नेले, की गाव ठप्प!

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नॅप्स्टर. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोराने एकमेकांना गाणी देण्याघेण्याची ही युक्ती काढली. गाणी असत लोकांच्या घरोघरच्या संगणकांत. पण कोणते गाणे कोणाकडे आहे, याची यादी मात्र नॅप्स्टरच्या चावडीवर. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ च्या जुलैत चावडीला कुलूप लागले. गाणी होती तिथेच होती. पण ती कोणाकडे आहेत हे सांगणारे कोणी उरले नाही. दुसऱ्याची गाणी अशी फुकट वाटावीत का, हा वाद निराळा. तो मी इथे उकरून काढीत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, पाटील एक असला की त्याला पकडणेही सोपे असते.

मग पाटलावाचून गाव चालवण्याच्या खटपटी सुरू झाल्या. अशा गावाला पिअर-टू-पिअर, म्हणजे बरोबरीच्यांचे जाळे म्हणतात. तिथे सगळे संगणक सारख्या मानाचे. मालक कोणी नाही, नोकर कोणी नाही. २००० साली ग्नुटेला नावाचे असे एक जाळे निघाले. त्याची पद्धत दवंडीची. ज्याला जे हवे असेल ते त्याने शेजाऱ्यांना विचारायचे, शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना विचारायचे. हजार घरांच्या वस्तीत हे चालून जाते. लाखांच्या वस्तीत मात्र सगळ्यांचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या दवंड्या ऐकण्यातच जायचा!

यावर तोड निघाली ती २००१-०२ च्या सुमारास. ती समजायला आपल्या पिनकोडची आठवण करावी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्याच्या मागे होते संस्कृत कवी म्हणून ओळखले जाणारे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर. पिनकोडात पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पुढचे आकडे त्याहून लहान प्रदेश आणि शेवटचे तीन आकडे नेमके पोस्ट. पत्र प्रथम हातात घेणाऱ्याला तुमची आळी ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने ते ठिकाणाच्या थोडे जवळ सरकवले की त्याचे काम झाले.

पेतर मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर या दोघांनी २००२ साली मांडलेली ‘कॅडेम्लिया’ नावाची रचना काहीशी अशीच चालते. प्रत्येक संगणकाला एक लांबलचक क्रमांक. शोधायच्या प्रत्येक वस्तूलाही तसाच क्रमांक. ज्या संगणकांचे क्रमांक वस्तूच्या क्रमांकाला सर्वांत जवळचे, त्यांनी तिचा ठावठिकाणा सांभाळायचा. प्रत्येकाजवळ ओळखीच्यांची एक छोटीशी वही असते. तिच्यात जवळपासच्यांची बहुतेक सगळी नावे आणि दूरदूरच्यांपैकी मोजकी. तुम्ही एकाला वाट विचारली की तो आपल्या वहीतला, ठिकाणाच्या अधिक जवळचा इसम दाखवतो. तो आणखी जवळचा दाखवतो. दर टप्प्याला उरलेले अंतर निम्मे होत जाते. दहा लाखांची निम्मी, त्याची निम्मी, असे करीत गेले तर वीस खेपांत आपण एकावर येतो. म्हणजे दहा लाख घरांच्या गावात वीसएक वेळा विचारले की घर सापडलेच! आणि एवढे असून दप्तर कोणाच्याच एकट्याच्या हाती नाही. बिटटॉरेंट या नावाने जी मोठमोठी देवघेव चालते, तिच्यात २००५ पासून याच जातीची रचना वापरात आली. इथले शेजारी नकाशावरचे नव्हेत, बरे का. क्रमांक जवळ आले की सोलापूरच्या संगणकाचा सख्खा शेजारी ब्राझीलमध्येही असू शकतो.

इतके सुबक गाव वसले की तिथे भामटा यायचाच. त्याला घर फोडावे लागत नाही. तो फक्त वाटेवर उभा राहतो. कोणी पत्ता विचारला की चुकीची वाट दाखवतो, हाती आलेला निरोप गिळून टाकतो, किंवा “ती वस्तू या गावात नाहीच” असे सांगून वाटसरूला परत पाठवतो. एकटादुकटा भामटा असेल तर गावाचे फारसे बिघडत नाही. त्याला वळसा घालता येतो. खरी पंचाईत होते ती तो एकटा राहत नाही तेव्हा.

कॅडेम्लियाची रचना २००२ साली अमेरिकेतल्या केंब्रिज येथे ज्या विद्वानांच्या मेळाव्यात मांडली गेली, त्याच मेळाव्यात मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले जॉन डूसर यांनी दुसरा एक निबंध वाचला. गावाचा नकाशा आणि गावावरच्या संकटाची सूचना एकाच मांडवात आली म्हणायची! डूसर यांचे म्हणणे असे. या गावात माणसाचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो फक्त क्रमांक. मग एकाच माणसाने हजार क्रमांक घेतले तर त्याला ओळखणार कोण? या हल्ल्याचे नाव पडले ‘सिबिल’. १९७३ साली फ्लोरा रीटा श्रायबर या बाईंचे त्या नावाचे पुस्तक निघाले होते. एकाच स्त्रीच्या ठायी सोळा निरनिराळी व्यक्तिमत्त्वे नांदत असल्याची ती हकीकत होती. आपल्याला इतके लांब जाण्याचे कारण नाही. नारदमुनी द्वारकेला गेले आणि ज्या महालात डोकवावे तिथे श्रीकृष्णच! इथे सारीपाट खेळतो आहे, तिथे मुलांना खेळवतो आहे. ती भगवंताची लीला होती. इथे लीला करणारा भामटा असतो, एवढाच फरक.

डूसर यांनी निर्वाळा दिला तो असा की, ओळख पटवून देणारा कोणी विश्वासाचा मध्यस्थ नसेल तर असा बहुरूपी शिरण्याची वाट व्यवहारात कायमची बंद करता येत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण आजही खरे आहे.

हा नुसता पुस्तकी बागुलबुवा नव्हे. ‘टॉर’ नावाचे एक जाळे आहे. स्वयंसेवकांचे संगणक एकाकडून दुसऱ्याकडे निरोप देत जातात, म्हणजे मूळ विचारणारा कोण आणि तो काय विचारतो, ही दोन्ही वाटेतल्या कोणा एकाला कळू नयेत. कडक अंमलाखालचे नागरिक, पत्रकार अशी मंडळी त्याच्या भरवशावर असतात. ३० जानेवारी २०१४ रोजी या जाळ्यात एकाच टोळीचे सुमारे ११५ संगणक स्वयंसेवकांचे सोंग घेऊन शिरले आणि कोण काय शोधते याचा माग काढू लागले. ४ जुलैला त्यांना हुडकून बाहेर काढण्यात आले. मधले पाच महिने ते पाहुणचार झोडीत होते! ज्यांचे नाव फुटले तर तुरुंग, अशांच्या वाटेवर हे पाच महिने गेले, हे ध्यानात घ्यावे.

माझी एक भाची या क्षेत्रात काम करते. तिला मी विचारले, “इतकी धास्ती आहे तर एक पाटील नेमून का टाकीत नाही?”

ती म्हणाली, “मामा, पाटील नेमला की त्याला धरता येते, विकत घेता येते, दमदाटी करता येते. नॅप्स्टरचे काय झाले ते तुम्हीच मला सांगत होता ना?”

“आणि नाही नेमला तर?”

“तर मग गावातल्या प्रत्येकाने थोडे थोडे पाटील व्हायचे.”

पोरगी एका वाक्यात सगळे शास्त्र सांगून गेली. हे थोडे थोडे पाटील होणे म्हणजे काय, ते आता पाहू.

पहिला उपाय दमयंतीचा. महाभारतातल्या नलोपाख्यानात स्वयंवराच्या मंडपात दमयंतीसमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात. चार देव, एक खरा. रूप तेच, वेष तोच. तिने चेहरा पाहिला नाही. तिने पाहिले की घाम कोणाला येतो, पापणी कोणाची लवते, माळ कोणाची कोमेजते. देवांना घाम येत नाही. संगणकाच्या पंडितांनी नेमके हेच केले. २००७ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथील बाउमगार्ट आणि मीस या दोघांनी कॅडेम्लियाची एक अधिक बंदोबस्ताची आवृत्ती सुचवली. तिच्यात क्रमांक हवा असेल तर संगणकाने आधी एक किचकट गणित सोडवायचे, म्हणजे घाम गाळायचा. एका क्रमांकापुरता घाम कोणीही गाळील. लाख क्रमांक हवे असणाऱ्याची मात्र दमछाक होईल. भामट्याची वाट याने बंद होत नाही, पण त्याचे सोंग फुकट राहत नाही. आणि पुष्कळ भामटे फुकटेपणावरच जगतात.

दुसरा उपाय असा की, नव्या बिऱ्हाडकरूला जागा निवडू द्यायची नाही. भामट्याला पाहिजे तो क्रमांक घेता आला तर तो ज्याला लुटायचे त्याच्या चारही बाजूंची घरे घेईल. म्हणून २००२ सालच्याच डिसेंबरात बॉस्टन येथे कास्त्रो, ड्रुशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की क्रमांक विश्वासाच्या संस्थेने दाखला देऊन वाटावेत. म्हणजे पाटील आलाच की, असे तुम्ही म्हणाल. आला, पण फक्त वेशीपुरता. एकदा दाखला दिला की आतल्या व्यवहारात त्याची लुडबुड नाही. जिथे हेही नको असेल तिथे क्रमांक संगणकाच्या जाळ्यावरील पत्त्यावरून ठरवतात, म्हणजे मनास येईल तिथे बिऱ्हाड थाटता येत नाही.

तिसरा उपाय निरनिराळ्या वाटांचा. इथे थोडा हिशेब करू. पेन्सिल लागणार नाही. समजा, गावात चार घरांमागे एक भामट्याचे आहे आणि तुमच्या निरोपाला पाच हातांतून जायचे आहे. पाचही हात भल्यांचे निघण्याचा संभव किती? शंभरात जेमतेम चोवीस! म्हणजे भले लोक तीन चतुर्थांश असूनही निरोप तीन चतुर्थांश वेळा बुडतो. बहुमत सज्जनांचे आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा आकडा घरात लावून ठेवावा. पण तोच निरोप एकमेकांत न मिसळणाऱ्या आठ वाटांनी धाडला, तर निदान एक तरी पोचण्याचा संभव शंभरात अठ्ठ्याऐंशीवर जातो. गुरुकिल्ली ‘एकमेकांत न मिसळणाऱ्या’ या शब्दांत आहे. आठही वाटा जर एकाच पुलावरून जात असतील आणि पुलावर भामटा बसला असेल, तर आठ काय नि ऐंशी काय!

कास्त्रो आणि मंडळींनी याला एका नामी कसोटीची जोड दिली. तुम्हाला “हीच ती आळी” म्हणून जी दाखवली, तिच्यातली घरे किती दाटीने आहेत ते मोजा आणि आपल्या आळीशी ताडून पाहा. भामट्याने कितीही घरे घेतली तरी साऱ्या गावाइतकी घेतलेली नसतात. म्हणून त्याची आळी विरळ दिसते. विरळ दिसली की समजावे, हा देखावा आहे. असे सगळे उपाय एकत्र योजले तर शंभरात पंचवीसपर्यंत भामटे असूनही जाळे टिकवता येते, असे त्यांनी दाखवून दिले. अर्थात त्या पंचविसांना शंभर सोंगे घेऊ दिली नाहीत, तरच.

चौथा उपाय जुन्या ओळखींचा, आणि त्याची कथा सर्वांत उद्बोधक आहे. बिटकॉइन हा सध्या पुष्कळांच्या तोंडी असलेला शब्द. तो घ्यावा की न घ्यावा, याबद्दल मी बोलणार नाही. सट्टा सटोडियांना लखलाभ. पण त्याचे खातेपुस्तक पाटलावाचून चालते. प्रत्येक संगणक आपण होऊन आठ शेजारी निवडी आणि त्यांच्याकडून कळेल तेच जग मानून चाले. २०१५ साली बॉस्टन विद्यापीठातील ईथन हाइलमन, ॲलिसन केंडलर आणि शॅरन गोल्डबर्ग, आणि जेरुसलेमचे अवीव झोहार यांनी दाखवले की हे आठही शेजारी भामट्याचे करता येतात. युक्ती बिनबोभाट होती. संगणकाच्या ओळखीच्या वहीत आपल्या माणसांचे आणि ओसाड घरांचे पत्ते भरीत राहायचे. नव्या पत्त्यांना जागा देण्यासाठी वही जुने पत्ते खोडीत जाई. शिवाय शेजारी निवडताना ती ताज्या पत्त्यांनाच झुकते माप देई. मग तो संगणक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची वाट पाहायची. सुरू झाला की वही उघडतो, आठ शेजारी निवडतो, आणि आठही भामट्याचेच निघतात! या हल्ल्याला ‘एक्लिप्स’ म्हणजे ग्रहण म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे. सूर्य जागेवरच असतो. मधे कोणी आले म्हणून आपल्याला तो दिसत नाही.

ग्रहण लागलेल्या संगणकाचा मालक सराफ असेल तर काय होईल, याची कल्पना करा. गिऱ्हाइकाने पैसे दिल्याचे त्याला त्याच्या वहीत दिसते. तो दागिना हवाली करतो. बाहेरच्या जगाच्या वहीत मात्र तेच पैसे दुसरीकडे गेलेले असतात. ग्रहण सुटते तेव्हा दागिनाही नसतो आणि पैसेही नसतात. आणि मौज अशी की, सराफाशी आठ जण एकमुखाने बोलत होते!

मौज आणखी पुढे आहे. कॅडेम्लियाने २००२ सालीच धडा घालून ठेवला होता: जुना शेजारी हाकेला ओ देत असेल तर नव्यासाठी त्याला वहीतून काढू नये. बिटकॉइनवाल्यांनीही मग त्या वाटेने पावले टाकली. वहीची पाने चौपट केली. ताज्या पत्त्याला झुकते माप देणे सोडले. जुने नाव खोडण्याआधी त्याचे दार वाजवून पाहण्याची रीत घातली. आणि २०२१ सालापासून संगणक बंद होताना आपले दोन शेजारी टिपून ठेवतो व उठल्याबरोबर प्रथम त्यांच्याकडे जातो. परगावाहून आल्यावर आधी जुन्या शेजाऱ्याकडे किल्ली मागायला जावे, तसेच हे!

घाम आणि जागा यांची आबाळ झाली तर काय होते, हेही २०१८ साली दिसले. इथीरियम नावाच्या दुसऱ्या अशाच जाळ्यात क्रमांक फुकट मिळत आणि एकाच पत्त्यावर वाटेल तितके क्रमांक चालत. बॉस्टनच्याच संशोधकांनी दाखवले की तिथे ग्रहण लावायला अवघे दोन संगणक पुरतात. फौजफाटा नको, पैसा नको. त्यांनी आधी इथीरियमच्या कारागिरांना कळवले आणि दुरुस्ती झाल्यावर मगच जगाला सांगितले. गावकीची ही रीत मला फार आवडली.

हत्यार कोणाच्या हातात आहे यावर त्याचा गुण ठरतो, याचीही एक साक्ष आहे. २००७ साली ‘स्टॉर्म’ नावाच्या एका चोरटोळीने जगभरच्या घरांतले संगणक काबीज केले होते आणि त्यांना हुकूम पोचवण्यासाठी कॅडेम्लियाच्याच धर्तीचे जाळे वापरले होते. पाटील नाही, म्हणून पोलिसांनी धरायचे कोणाला? तेव्हा थॉर्स्टन होल्झ आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी चोरांच्या गावात स्वतःच बहुरूपी होऊन प्रवेश केला, त्यांचे निरोप मोजले आणि ते अडवता कसे येतील हे २००८ साली दाखवून दिले. काट्याने काटा!

आता चकली संपली असेल, तेव्हा घरच्या गोष्टीकडे वळतो. ‘डिजिटल अटक’ हा शब्द सर्वांनी ऐकला असेल. टेलिफोन येतो, पडद्यावर पोलीस दिसतो, मग बँकेचा अधिकारी, मग न्यायाधीश. सगळे एकच गोष्ट सांगतात, आणि बजावतात की खोलीबाहेर जायचे नाही, मुलाबाळांशी बोलायचे नाही. आयुष्यभराची पुंजी अशा वेळी सुशिक्षित माणसांच्या हातून गेली आहे. लोक म्हणतात, “इतका शिकलेला माणूस, फसला कसा?” मला वाटते, फसण्याशी शिक्षणाचा संबंध थोडा आहे. त्या माणसाचे आठही शेजारी एकाच टोळीचे झाले होते. त्याला ग्रहण लागले होते. कायद्यात डिजिटल अटक नावाची चीजच नाही, हे सरकारने वारंवार जाहीर केले आहे. पण ग्रहणात सापडलेल्याला ते सांगणारा कोणी भेटतच नाही.

म्हणून संगणकांनी घेतलेला धडा माणसांनीही घ्यावा. एकच बातमी पाच जणांकडून आली, तर ती पाच ठिकाणांहून आली की एकाच ठिकाणाहून पाच तोंडांनी आली, हे आधी पाहावे. जो घाईने दाराशी येतो आणि बाकीची सगळी दारे लावायला सांगतो, तो कोणीही असो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. आणि दुसरी वाट अशी धरावी की जी त्याने दाखवलेली नाही: आपण स्वतः शोधलेला बँकेचा क्रमांक, सरकारी मदतीचा १९३० हा क्रमांक, किंवा शेजारच्या काकूंचे दार. जुना शेजारी आजही ओ देतो की नाही, हे अडचणीच्या दिवशी पाहण्यापेक्षा दिवाळीच्या दिवशी पाहावे. फराळाचे ताट घेऊन जिना उतरण्याची आपली रीत त्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

पाटील असावा की नसावा, हा वाद विद्वानांनी चालवावा. आपल्यापुरते एवढे पुरे, की गाव पाटलाचे असो वा बिनपाटलाचे, आपल्या ओळखीच्या वहीत कोणाची नावे लिहायची आणि कोणाची खोडायची, हे काम दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.